‘क्षुल्लक कारणावरून’: माणूस गुन्हा का करतो?

आमच्या नागपूरच्या वर्तमानपत्रांत एक शब्दप्रयोग इतका रुळला आहे की वाचताना डोळे त्यावर थांबतही नाहीत: ‘क्षुल्लक कारणावरून खून’. कधी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, मागितला आणि समोरच्यानं दिला नाही. कधी गाडीला कट लागला. कधी उधारीचे दोनशे रुपये. कधी तर एवढंच, की ‘काऊन पाहून रायला बे?’ चार ओळींच्या बातमीत मरणारा एकवीस वर्षांचा, मारणारे एकोणीस-वीसचे, आणि शेवटी ‘आरोपींना अटक, पुढील तपास सुरू’.

बातमी वाचून घरोघरी दोन वाक्यं बोलली जातात. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी?’ आणि ‘असल्यांना भर चौकात फाशी द्यायला पाहिजे.’ पहिलं वाक्य प्रश्न आहे, पण दुसरं लगेच मागून येतं आणि तो प्रश्न मिटवून टाकतं. मी दर रविवारी पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत मुलांची अभ्यासिका चालवायला जातो. तिथल्या दोन मुलांची नावं अशा बातम्यांत येऊन गेली, एकाचं आरोपी म्हणून, एकाचं मयत म्हणून. दोघंही माझ्यासमोर सतरंजीवर बसून गणितं सोडवत होते. म्हणून त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला हवं होतं. अभ्यासकांनी त्यावर अडीचशे वर्षं डोकं चालवलं आहे, आणि त्यातलं पुष्कळसं साध्या भाषेत सांगता येतं.

आधी देशाचे आकडे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी देशभरातल्या गुन्ह्यांचा अहवाल काढतो. २०२२ च्या अहवालात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदलेले आहेत. त्यांतल्या ९,९६२ गुन्ह्यांमागचं कारण आहे ‘वाद’. ३,७६१ गुन्ह्यांमागं वैयक्तिक वैर किंवा सूड. आणि पैसा-मालमत्तेच्या लाभासाठी? १,८८४. शंभर खुनांत सात देखील नाहीत. थंड डोक्यानं बेत आखून, फायद्यासाठी जीव घेणारा माणूस आपल्याला पडद्यावर रोज दिसतो, पण प्रत्यक्षात तो बराच दुर्मीळ आहे. जवळजवळ निम्मे खून भांडणातून आणि वैरातून होतात.

दुसरी गोष्ट, ‘गुन्हा’ हा शब्दच फसवा आहे. ‘ताप’ या शब्दासारखा. डेंग्यूचा ताप, टायफॉइडचा ताप, नुसता सर्दीचा ताप, अंग तिन्हींत तापतं, पण डॉक्टर तिन्हींना एकच गोळी देत नाही. पतसंस्थेच्या ठेवी गिळणारा सचिव, मंगळसूत्र हिसकावून पळणारा पोरगा आणि पानठेल्यावर चाकू काढणारा पोरगा, तिघंही कायद्याच्या भाषेत आरोपी. पण ‘करायचं’ हे तिघांनी सारख्या पद्धतीनं ठरवलेलं नसतं. आपण एकच औषध सगळ्यांना पाजत राहतो, इथेच पहिली चूक होते.

हिशेब करणारं डोकं

सगळ्यात सोप्या प्रकारापासून सुरुवात करू. वर्धा रोडनं येणारा दुचाकीवाला पाहा. रहाटे कॉलनी चौक जवळ आला की तो आरशाला लटकवलेलं हेल्मेट काढून डोक्यात घालतो. चौक ओलांडला की हेल्मेट पुन्हा आरशाला. या माणसाला कायदा ठाऊक आहे, हेल्मेटचा उपयोगही ठाऊक आहे. त्यानं केलेला हिशेब असा: पोलीस कुठे उभे असतात, कुठे नसतात.

गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाला हा विचार अशाच एका प्रसंगी सुचला. न्यूयॉर्कच्या विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायची होती आणि बेकरला उशीर झाला होता. गाडी पैसे भरून वाहनतळावर लावायची, की नियम मोडून रस्त्यावरच लावायची? पावती फाटण्याची शक्यता किती, दंड किती, वाहनतळाचे पैसे किती, असा मनात हिशेब करून त्यानं गाडी रस्त्यावर लावली. पावती फाटली नाही. १९६८ मध्ये त्यानं यावर मोठा निबंध लिहिला आणि १९९२ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की गुन्हा करणारा हा काही वेगळ्या मातीचा प्राणी नसतो. फायदा किती, पकडले जाण्याची शक्यता किती आणि पकडलं तर किती भारी पडेल, हे तीन आकडे तोही मांडतो. पकडले जाण्याच्या भीतीनं हात आखडतो, त्याला आपण ‘जरब’ म्हणू.

जरब कशानं बसते, हा प्रश्न त्याहून दोनशे वर्षं जुना. १७६४ मध्ये इटलीच्या चेझारे बेक्कारियानं लिहून ठेवलं की शिक्षा किती भयंकर आहे यापेक्षा ती नक्की होणार का आणि लवकर होणार का, याला महत्त्व जास्त. नागपूरकराला हे उन्हावरून चटकन कळेल. मे महिन्यात दुपारी दोन वाजता दुपट्टा न बांधता कुणी गाडी काढत नाही. उन्हाची शिक्षा तशी जन्मठेपेची नाही, पण ती सगळ्यांना मिळते, दर वेळी मिळते आणि तिथल्या तिथे मिळते. आमदाराचा पुतण्या असला तरी मिळते.

मग शिक्षाच जबर केली तर?

हा पहिला आणि सगळ्यात मोठा आक्षेप. शक्यता वाढवता येत नसेल तर शिक्षा तरी वाढवा, फाशी ठेवा, धाक बसेल. मनाला हे पटतं. पण चोरी करायला निघालेला माणूस ‘सात वर्षं की दहा वर्षं’ असा विचार करत नाही, कारण आपण सापडणार नाही याच भरवशावर तो निघालेला असतो. जी पावती फाटणारच नाही, तिच्यावरचा आकडा वाचतो कोण? फाशीनं खून कमी होतात का, यावरच्या तीसेक वर्षांच्या अभ्यासांचा आढावा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २०१२ मध्ये घेतला. फाशीमुळे खून घटतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे त्या अभ्यासांवरून सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. भारतातल्या तुरुंगांत चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. वस्तीतल्या पोराला तुरुंग दिसतो तो असा: कुणी आत जातो, जामिनावर बाहेर येतो, वर्षानुवर्षं तारखांना जातो. शिक्षा कधी आणि कशासाठी झाली, हे लक्षात राहण्याआधीच सगळं विरून जातं. निष्पाप असला तरी वर्ष-दोन वर्षं आत राहू शकतो आणि खरंच केलं असलं तरी सुटू शकतो, हे त्यानं पाहिलेलं असतं. ज्या शिक्षेचा गुन्ह्याशी धागाच दिसत नाही तिची जरब कशी बसणार? सज्जन माणूस मात्र या तारखांच्या भीतीनं साक्ष द्यायला पुढे येत नाही.

दार उघडं दिसलं म्हणून

हिशेब करायलाही काहीतरी समोर दिसावं लागतं. १९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोघांनी एक साधी गोष्ट मांडली. चोरी व्हायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात: करण्याची इच्छा असलेला माणूस, घेण्याजोगी वस्तू, आणि राखण करणारं कुणी नसणं. आपण सगळा जोर पहिल्या गोष्टीवर देतो. पण उरलेल्या दोहोंपैकी एक काढली तरी गुन्हा घडत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. शाळांना सुट्ट्या लागल्या की निम्मी गल्ली गावी जाते. दाराला बाहेरून कुलूप, फाटकात चार दिवसांची वर्तमानपत्रं, दुधाची पिशवी बंद. आणि जे घरी आहेत ते कूलरची हवा लागावी म्हणून दार उघडं टाकून झोपलेले, मोबाइल खिडकीत चार्जिंगला. रात्री तीन वाजता त्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण काही सराईत नसतो. पण त्या खिडकीपर्यंत हात पोचतो, हे दिसल्यावर काहींचा विचार बदलतो. ‘ठरवलं नव्हतं, दिसलं म्हणून उचललं,’ हे वाक्य खोटारड्याचं वाटतं. पुष्कळदा ते खरं असतं.

‘पण इथे कुलूप लावलं तर तो शेजारी जाईल. चोर तो चोरच!’ हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि त्याचं फार सुंदर उत्तर जर्मनीत सापडलं, तेही हेल्मेटमुळे. पश्चिम जर्मनीत हेल्मेट न घालणाऱ्याला जागच्या जागी दंड करणं १९८० मध्ये सुरू झालं. हेतू होता अपघातातली डोकी वाचवण्याचा. पण त्या वर्षी दीड लाखांवर असलेल्या मोटरसायकल चोऱ्या १९८६ पर्यंत ५४ हजारांवर आल्या. का? समोर दिसली म्हणून गाडी पळवणाऱ्याच्या हातात हेल्मेट नसतं, आणि बोडक्या डोक्यानं निघालं की पहिल्याच चौकात अडवणार. मग हे चोर मोटारी चोरू लागले का? मोटारींच्या चोऱ्या थोड्या वाढल्या, पण थांबलेल्या लाखभर चोऱ्यांच्या तुलनेत ती वाढ किरकोळ होती. बहुतेकांनी दुसरं काही चोरलंच नाही. ‘चोर तो चोरच’ असतं तर हे घडलं नसतं.

गरिबीमुळे गुन्हे होतात, दुसरं काय?

दुसरा लाडका समज. माझ्या अभ्यासिकेतल्या पोरांच्या आया सकाळी पाच घरची धुणीभांडी करतात, बाप कळमन्याच्या मार्केटात पोती उचलतात. त्या वस्तीत शेकडो घरं आहेत आणि पोलिसांच्या दप्तरी नावं असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. गरिबी हेच कारण असतं तर सगळी वस्ती आत असती. गरिबीचा संबंध आहे, तो वेगळ्या वाटेनं. १९३८ मध्ये रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं म्हटलं की समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो आणि तिथे जायचा रस्ता मात्र थोड्यांनाच देतो. त्या ताणातून काही जण आडवाट धरतात. हातातल्या मोबाइलवर दिवसभर दिसणारी गाडी, बूट, वाढदिवसाला तलवारीनं केक कापणारा ‘भाऊ’, आणि घरी महिन्याला हाती येणारे नऊ हजार, यांच्यातलं अंतर पोरगा रोज मोजत असतो.

आणि मोठ्या रकमांचे गुन्हे करतं कोण? ते करायला आधी खुर्ची लागते. सभ्य, शिकलेल्या, पदावरच्या माणसांच्या गुन्ह्यांना ‘पांढरपेशा गुन्हे’ हे नाव एडविन सदरलँडनं १९३९ मध्ये दिलं, तेव्हा अमेरिकेत अनेकांना ते रुचलं नव्हतं. त्याच्याच पठडीतल्या डोनाल्ड क्रेसीनं तुरुंगात जाऊन अफरातफर केलेल्या माणसांशी बोलून १९५३ मध्ये त्यांची गोष्ट मांडली. ती आपल्या कुठल्याही पतसंस्थेत घडू शकेल अशी आहे. रोखपालावर कुणाला सांगता येणार नाही अशी अडचण येते: सट्ट्यात बुडालेले पैसे, लपवलेलं कर्ज. तिजोरीची किल्ली त्याच्याकडे असते. आणि तो स्वतःला सांगतो, ‘मी चोरत नाही. उसने घेतो. पुढच्या महिन्यात भरून टाकीन.’ या तिसऱ्या गोष्टीशिवाय, म्हणजे स्वतःला दिलेल्या या सबबीशिवाय, त्याचा हात तिजोरीत जात नाही, कारण तो स्वतःला चोर समजत नाही आणि समजायला तयारही नसतो. आपल्याकडे अशा रोखपालाच्या तिजोरीत एखाद्या निवृत्त मास्तरची पूर्ण ग्रॅच्युइटी असते, पण ‘उसने’ म्हणताना त्याला तो मास्तर दिसत नाही.

मनाला द्यायच्या सबबी

मला स्वतःला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९५७ मध्ये ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी दाखवलं की गुन्हा करणाऱ्या मुलांनाही चांगलं-वाईट कळत असतं. म्हणूनच तर त्यांना ते कळणं थोडा वेळ गप्प करावं लागतं. त्यासाठीच्या सबबी त्यांनी पाच प्रकारांत मांडल्या, आणि त्या पाचही मी मराठीत ऐकल्या आहेत. ‘माझा काय दोष, मला ओढलं त्यात.’ ‘कुणाचं काय बिघडलं? विम्याचे पैसे मिळतील त्याला.’ ‘त्याला धडा शिकवायलाच पाहिजे होता.’ ‘पोलीस तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत?’ आणि सगळ्यात घातक, ‘दोस्तीसाठी केलं.’

यादी वाचून दचकायला होतं, ते या सबबी ओळखीच्या आहेत म्हणून. फ्लॅटचे निम्मे पैसे रोख देताना आपण म्हणतो, ‘सगळेच करतात, सरकार तरी कुठे नीट वापरतं?’ उलट्या दिशेनं गाडी घालताना म्हणतो, ‘एवढंसं तर अंतर आहे.’ मूल मागच्या सीटवर बसलेलं असतं आणि ऐकत असतं. सदरलँडचं दुसरं म्हणणं नेमकं हेच होतं: माणूस गुन्हा शिकतो, जसा पोहायला शिकतो तसा, जवळच्या माणसांकडून. हातोटी तर शिकतोच, सबबीही त्यांच्याकडूनच शिकतो.

आता ते ‘क्षुल्लक’ कारण

हिशेब, संधी, सबब, हे सगळं चोरीला आणि अफरातफरीला लागू पडतं. पानठेल्यावरच्या चाकूला पडतं का? तिथे फायदा तर काहीच नाही.

शिकागोत गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलांसाठी एक कार्यक्रम चालतो. त्याची सुरुवात एका खेळानं होते. तो मी आमच्या अभ्यासिकेत करून पाहिला. मुलांच्या जोड्या लावल्या. एकाच्या हातात टेनिसचा चेंडू दिला आणि दुसऱ्याला म्हटलं, ‘तीस सेकंदांत याच्याकडून चेंडू घ्यायचा.’ शिट्टी वाजली आणि खोलीत नुसता धुरळा उडाला. कुणी बोटं पिरगाळतोय, कुणी मनगटाला चावतोय, एकाच्या सदऱ्याची दोन बटणं तुटून माझ्या पायाशी आली. मग जागा बदलून पुन्हा तेच. शेवटी सगळ्यांना बसवून विचारलं, ‘चेंडू मागितला कुणी?’ खोली गप्प. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, ‘मागून कोण देते सर?’ त्याच्यासमोरचा, ज्याच्या मनगटावर दातांचे वण होते, तो म्हणाला, ‘तू मांगितलाच नाही ना बे. मांगितला असता तं देल्ला असता. मले काय करायचं होतं चेंडूचं?’

शिकागोच्या कार्यक्रमात पोरांना हेच शिकवतात: क्षणभर थांब, समोरच्याच्या मनात काय आहे असं तुला वाटतं आणि खरंच काय आहे, हे पडताळून पाहा. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांवर त्याची तपासणी झाली. कार्यक्रम चालू असताना त्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. कार्यक्रम संपल्यावर फरक तसाच टिकला असं मात्र दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण विचार करा, ना या मुलांची गरिबी बदलली, ना वस्ती, ना कायदा. बदलला तो फक्त राग आणि हात यांच्यामधला क्षण.

त्या क्षणी डोक्यात काय असतं, ते त्याच मागच्या रांगेतल्या मुलानं नंतर सांगितलं. ‘एकदा दबला ना सर, का रोज दबा लागते.’ वस्तीत हे खोटं नाही. खर्रा मागणाऱ्यानं चारचौघांत कानफटीत मारली आणि तुम्ही गप्प बसलात, तर उद्या तुमचा मोबाइल जातो, परवा बहिणीला कुणी काही बोलतं. लगेच उलटून पडायची सवय तिथे राखणदारासारखी काम करते. शंभर वेळा ती कामी येते. एकशे एकाव्या वेळी डिक्कीत चाकू असतो. आपल्याला बातमीत खर्रा दिसतो. त्याला तिथे त्याची वट दिसत असते, चार मित्रांसमोर उद्यापासून आपण कोण असणार, हे दिसत असतं. ‘क्षुल्लक’ हा शब्द आपला आहे. ज्यानं चाकू काढला त्याच्या लेखी त्या घटकेला जगात याहून मोठं काहीच नव्हतं.

मित्र बघताहेत याचा परिणाम मोजताही आला आहे. २००५ मधल्या एका प्रयोगात किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं यांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. एकट्यानं खेळताना फार फरक नव्हता. मित्र शेजारी उभे राहिले की मुलं धोका पत्करू लागली. मोठ्यांवर त्याचा परिणाम जवळजवळ नव्हता. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडल्यावरही पक्का होत असतो. अनेक देशांत गुन्ह्यांचा आलेख विशीच्या अलीकडे-पलीकडे शिखरावर जातो आणि मग उतरतो, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

कायद्यालाही हा क्षण ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये, आणि आधीच्या दंड संहितेतही, अचानक चिथावणीनं किंवा पूर्वतयारीशिवाय, भांडणाच्या भरात झालेली हत्या अटी घालून ‘खून’ या व्याख्येतून वगळली आहे. शिक्षा होतेच, पण वेगळी. डिक्कीत चाकू ठेवून फिरणाऱ्याला त्या सवलतीचा फायदा मिळणं अवघड. म्हणून मी पोरांशी बोलताना रागावर भाषण देत नाही. एवढंच विचारतो, डिक्कीत काय आहे?

काही जण जन्मजातच तसे असतात ना?

१८७६ मध्ये इटलीच्या लोंब्रोसोनं जबडा आणि कपाळ मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखता येतो असं मांडलं. पुढच्या अभ्यासात ते टिकलं नाही. पण आपल्याकडे त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता आणि पुढे तो देशभर पसरला. जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरल्या, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. विदर्भात मात्र आजही चोरी झाली की संशयाची पहिली गाडी पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, जाते. ज्याला शाळेत, नोकरीत, भाड्याच्या खोलीत आधीच चोर धरलं जातं, त्यानं चोरी न करून काय मिळवायचं, असा हिशेब आपणच त्याच्यापुढे मांडून ठेवलेला असतो.

थोडी मुलं लहानपणापासून आक्रमक असतात आणि मोठेपणीही तशीच राहतात, हे खरं आहे. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञेनं १९९३ मध्ये हा फरक नीट मांडला: असा गट लहान असतो आणि ज्यांचं वागणं किशोरवयापुरतंच बिघडतं त्यांचा गट फार मोठा. अडचण अशी की सोळाव्या वर्षी दोघं सारखेच दिसतात.

म्हणजे माफ करायचं का?

नाही. माझ्या दोन विद्यार्थ्यांतला एक मेला आहे. त्याची आई अजून त्याची चप्पल दाराशी ठेवते, तिच्यासमोर बसून कारणांची यादी वाचण्याची माझी छाती नाही. कारण समजणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप कशाचा आहे हे शोधणारा डॉक्टर काही तापाची बाजू घेत नसतो.

आणि कायद्याची जरब उरली नाही की काय होतं, हे नागपूरनं पाहिलं आहे. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबा नगरातल्या शेकडो बायका जिल्हा न्यायालयात शिरल्या आणि वर्षानुवर्षं वस्तीचा छळ करणाऱ्या अक्कू यादवला त्यांनी तिथेच मारलं. तक्रारी करून काही होत नाही, तो पुन्हा जामिनावर सुटेल, ही त्यांची भीती होती. खटल्यातले आरोपी २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांना कुणी जन्मजात गुन्हेगार म्हणणार नाही. शिक्षा नक्की होईल यावरचा विश्वास संपला तर धुणीभांडी करणारी बाईही कुठवर जाते, हे त्या दुपारी दिसलं. नव्या संहितेत पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला तर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. मला हे पाऊल बरोबर वाटतं: शिक्षा लहान असू दे, पण ती नक्की होऊ दे आणि लवकर होऊ दे.

सुटतात कसे?

बोस्टनमधल्या ५०० गुन्हेगार मुलांची माहिती ग्लूक दांपत्यानं १९४० च्या आसपास जमवायला घेतली होती. ती तळघरातल्या खोक्यांत पडून होती. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी ती बाहेर काढली आणि त्या मुलांचा माग त्यांच्या सत्तरीपर्यंत काढला. बहुतेक जण गुन्ह्यांतून बाहेर पडले होते, अगदी वाईट सुरुवात झालेलेही. वळण बहुतेकदा साध्या गोष्टींनी दिलं: टिकणारी नोकरी, चांगलं लग्न, सैन्यातली भरती. जुन्या टोळक्यापासून जी वेळ आणि जागा तोडते अशी कुठलीही गोष्ट.

माझ्या आरोपी विद्यार्थ्याला दोन वर्षांनी जामीन झाला, तेव्हा मी त्याच्या मामांबरोबर वर्धा रोडवर मध्यवर्ती कारागृहापाशी गेलो होतो. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. मामांचं हिंगण्याच्या एमआयडीसीत वेल्डिंगचं काम, ते अर्धा दिवस खाडा करून आले होते. रस्त्याच्या पलीकडे दोन मोटरसायकली उभ्या होत्या, चार पोरं, एकाच्या हातात हार. तीही त्यालाच घ्यायला आली होती. तो हातात कापडी पिशवी घेऊन बाहेर आला, दोन्हीकडे पाहिलं आणि जरा वेळ तसाच उभा राहिला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी नुसती स्कूटरची किक मारली आणि मागची सीट हातानं पुसली. तो येऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता वर्कशॉपला हजर व्हायचं होतं. पलीकडचा एक जण ओरडला, ‘संध्याकाळी ये बे ठेल्यावर.’ त्यानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.